न बुडवलेल्या बाटल्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा गाडीत एकटी असताना मोठ्याने म्हणून पाहिलं होतं — काचा वर करून — पण वाक्य अर्ध्यावर आलं आणि मी रेडिओ लावला. आताही मी थेट त्या वाक्याकडे जाणार नाही. जाता येत नाही. आधी माणसं सांगते, मग जागा, मग काय घडलं ते.

पुण्यात मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. अपघाताच्या बातमीत ‘अज्ञात कारणामुळे’ असं आलं की मी ते खोडायचे आणि बातमीदाराला विचारायचे — कारण अज्ञात आहे, की तू विचारलं नाहीस? मी सांगते आहे त्या अपघातात कारण अज्ञात नव्हतं. ते एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आता आम्ही वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहतो. राजीव, माझा नवरा, कामासाठी अधूनमधून दूर टौरंगाला जातो, मुक्कामाला. मी ट्रेनने वेलिंग्टनला. नितीन हा राजीवचा कॉलेजपासूनचा मित्र. तो, त्याची बायको सायली आणि मुलगी इरा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. नितीन फार्मासिस्ट होता. ‘होता’ — हा शब्द लिहिताना मी थांबले. का थांबले, तेच सांगायचं आहे.

त्याला काम करताना पाहायला हवं होतं तुम्ही. गोळ्या ट्रेवर ओतायच्या, सपाट पातीने पाच-पाच करून बाजूला सारायच्या, डबीत भरण्याआधी पुन्हा मोजायच्या. औषधाचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणायचं. लेबल लावलं की डबी शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकवायची. दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही काउंटरवर यायचं नाही. घरीही तोच कारभार. सायली म्हणायची, "आमच्याकडे वरणात मीठसुद्धा सही करून पडतं."

घरी बिअर करायची कल्पना त्याचीच. इथे त्यात विशेष काही नाही. आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी गॅरेजांत एखादं पिंप असतंच. आमचं गॅरेज मोठं, म्हणून पिंप आमच्याकडे. माल्ट उकळणं, थंड करणं, यीस्ट टाकणं ही कामं त्या दोघांची. बाटल्या माझ्याकडे.

माझ्याकडे कशा आल्या? कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वेळी मी सिंकपाशी उभी होते, एवढंच. दुसऱ्या वेळी राजीव म्हणाला, "धुणीभांडी खातं आमच्या हिच्याकडे." नितीन हसला, पण लगेच म्हणाला, "हसू नकोस रे. वहिनी, खरं सांगतो, बिअर म्हणजे नव्वद टक्के स्वच्छता. आम्ही दोघं नुसते ढवळणारे."

आणि त्याने मला नीट शिकवलं. नुसती धुतलेली बाटली पुरत नाही. ती डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण आत एखादा भलता यीस्ट, एखादा जिवाणू उरला तर बूच बसल्यावरही तो आपलं काम करत राहतो — जे खाऊ नये ते खातो, वायू करत राहतो. आणि तो वायू जाणार कुठे? म्हणून प्रत्येक बाटली सॅनिटायझरच्या बादलीत पूर्ण बुडवायची, आत पाणी भरू द्यायचं, थोडा वेळ धरायची, ओतून पालथी घालायची. पुसायची नाही. पुन्हा नळाखाली धरायची नाही. फेस राहिला तर राहू द्यायचा. हे मला फार जड गेलं — फेस लागलेलं भांडं तसंच ठेवायचं? नितीन म्हणाला, "तो फेस आपल्या बाजूचा आहे, वहिनी."

मला सगळं माहीत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं सांगितलं. न कळून झालेली चूक वेगळी असते.

त्या वसंतातला तो शनिवार. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, हॉट वॉटर कबर्ड. इथले लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. आपण इडलीचं पीठ ठेवतो. या थंडीत ते दुसरीकडे कुठे फुगतच नाही. मी वरच्या फळीवर पिठाचं पातेलं ठेवलं होतं, आणि खालच्या फळीवर, वाळायला म्हणून, बाटल्यांचे दोन क्रेट. बाटल्या पालथ्या. सकाळी उघडून पाहिलं तर पीठ उतू गेलेलं. एका क्रेटच्या तळाशी ते साचलं होतं — आणि त्या साचलेल्या आंबट पिठात बाटल्यांची तोंडं.

मी त्या ब्रशने धुतल्या. उजेडाला धरून पाहिल्या. स्वच्छ दिसल्या.

मग बादली भरली, सॅनिटायझर घातलं आणि पहिला क्रेट — चांगला क्रेट — नीट बुडवून काढला. दुसऱ्याकडे वळले तेव्हा गॅरेजमधून राजीवची हाक आली. "अगं, झालं का? आम्ही खोळंबलोय! बाटल्याच तर धुवायच्यात, त्यात एवढं काय?" आणि हसणं. मागे मॅचची कॉमेंट्री. मी हात पुसले, चहा टाकला आणि खुर्चीवर बसून तो शांतपणे प्याले. दुसरा क्रेट तसाच. चहा संपल्यावर त्या बाटल्या एकेक करून नळाखाली ओल्या केल्या, आताच निथळत ठेवल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. बादली सिंकमध्ये ओतली. फेस खाली जायला बराच वेळ लागला. मी वरून पाणी सोडत राहिले.

नितीन दारात आला. "सगळ्या झाल्या का, वहिनी?"

"झाल्या."

राग खरा होता. पण तो राजीववरचा होता, आणि बाटल्या दोन्ही घरांत जाणार होत्या. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून रागाला मी इथे साक्षीला उभं करणार नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. मला तिथवर जायचं आहे, आणि मी घाबरले आहे.

गॅरेजमधल्या टेबलावर दोन्ही क्रेट एकत्र झाले. बिअर भरण्याआधी प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालायची असते. तिच्यामुळेच बंद बाटलीत बिअरला फेस येतो. साखर नितीनची. छोटा वजनकाटा, कागदाचं नरसाळं. वजन तो मोठ्याने म्हणायचा, राजीव मागून तेच म्हणायचा, मग साखर आत. राजीव कंटाळून म्हणाला, "अरे, बिअर आहे, विष नाही." नितीन मान वर न करता म्हणाला, "सवय एकच ठेवलेली बरी." त्याने घाई केली नाही. हे मी पाहिलं. ते पाहणारी मीच होते.

अर्ध्या बाटल्या त्यांच्याकडे गेल्या, अर्ध्या आमच्याकडे राहिल्या. सुरुवातीला उघडलेल्या सगळ्या चांगल्या निघाल्या. मी विसरले, असं म्हणणार नाही. विसरल्यासारखी वागू लागले.

ख्रिसमसच्या आधीचा शनिवार. इथला उन्हाळा; पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी भरली होती, ऊन चढत होतं. राजीव टौरंगाला. मी फ्रीजमध्ये टाकावी म्हणून गॅरेजमधून एक बाटली आणली आणि सहज बूच जरासं उचललं. बिअर छताला लागली. बाटलीत अर्धीसुद्धा उरली नाही. ओट्यावरून, माझ्या मनगटावरून, जमिनीवरून ती वाहत होती आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास — बिअरचा नव्हे. उतू गेलेल्या पिठाचा. आंबट, ओळखीचा.

त्या क्षणी मला सगळं कळलं. तर्क करायची गरजच नव्हती.

गॅरेजच्या दारात मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. त्या बाटल्या नुसत्या उभ्या होत्या. तपकिरी, शांत. कुठली बुडवलेली आणि कुठली नाही, ते बाहेरून कळत नव्हतं. मी चष्मा लावला, ओव्हनचे जाड हातमोजे घातले, जुनं ब्लँकेट घेतलं आणि एकेक बाटली गुंडाळून, तोंड फिरवून, श्वास रोखून मागच्या गवतावर नेली. लांब हात करून बुचं उचलली. काही सरळ होत्या. काही उसळल्या. 

आता इथे नीट ऐका. मला माझ्या बाटल्यांची एवढी भीती वाटली, तर त्याच बाटल्या आणखी कुठे आहेत हे मला आठवलं नसेल का? आठवलं. पहिल्या बाटलीपासून आठवत होतं. नितीनच्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनशेजारी, इराचे पोहायचे टॉग्ज वाळत असतात त्या दोरीखाली. फोन खिशात होता. आणि मला कबूलही काही करायचं नव्हतं. "आमची एक बाटली उसळली, तुमच्या सांभाळून" — एवढं पुरलं असतं. पण नितीन तेवढ्यावर थांबला नसता. त्याने एकामागून एक विचारलं असतं. वास कसा होता? चव? बाटल्या कधी बुडवल्या? त्या प्रश्नांना मी घाबरले. ठरवलं, संध्याकाळी राजीवला सांगेन, तो करेल फोन. मी छत पुसलं. जमीन दोनदा पुसली. सगळ्या बाटल्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकून वर पुठ्ठे टाकले.

फोन दुपारीच आला. सायली. मागे कुणीतरी रडत होतं. "वहिनी, बाटली फुटली... याच्या हातात फुटली. इरालापण लागलंय. आम्ही क्लिनिकला आलोय. तुम्ही येता का?"

नितीनचा उजवा हात टॉवेलात होता आणि टॉवेल लाल. इरा तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती लाँड्रीत बापाशेजारी उभी होती. तिच्या भुवईत काच घुसली होती. डोळ्याच्या किती वर, ते मी बोट लावून दाखवू शकते. इथे लिहिणार नाही. तीच सगळ्यांत शांत होती. मला म्हणाली, "काकू, इट्स नॉट इव्हन डीप. बाबाला सांगा ना, ही वोन्ट स्टॉप सेइंग सॉरी."

नितीनने मला पाहिलं. त्या अवस्थेत त्याने पहिलं काय विचारलं? "वहिनी, तुमच्याकडच्या बाटल्यांना कुणी हात लावला नाही ना? लावू नका. तुम्हाला काही झालं नाही ना?"

सकाळी जो फोन मी केला नाही, तो रक्ताने भरलेल्या हाताने त्याने मला केला, असं म्हणा.

मी म्हणाले, "आमच्या ठीक आहेत. आज सकाळीच एक उघडली. चांगली होती."

हे ठरवून बोलले नाही. पण बोलले, आणि नंतर दुरुस्त केलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्या चेहऱ्यावर तर्क जुळताना पाहिला. तो हळू म्हणाला, "म्हणजे बॅच चांगली होती. बाटल्याही चांगल्या. मग साखरच. मी यात दोनदा साखर घातली." त्याला मिळालेल्या माहितीवरून निष्कर्ष अचूक होता. माहिती मी दिली होती.

रात्री राजीव फोनवर म्हणाला, उरलेल्या बाटल्या टाकून दे. म्हटलं, टाकल्या.

नितीनच्या अंगठ्याची शीर शिवली. अंगठा पुष्कळसा सुधारला. इराच्या भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती हसली की रेघ वर जाते, आणि मी दुसरीकडे पाहते.

दोन-तीन आठवड्यांनी तो आमच्याकडे आला. हाताला पट्टी होती. बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग, अगदी संकोचून — "वहिनी, राग मानू नका. नुसतं खात्री करायला विचारतो. त्या दिवशी सगळ्या बाटल्या बुडवल्या होत्या ना?"

दार उघडं होतं. त्याने स्वतः उघडून धरलं होतं. मी काय केलं? मी दुखावले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला; तो उपाय जास्त चालतो. "म्हणजे काय नितीन? तुम्हाला माझा संशय येतोय?" राजीव मध्ये पडला. "अरे, ही काम अर्धवट टाकणाऱ्यातली नाही. घर बघ ना." आणि नितीन लाल झाला. म्हणाला, "नाही नाही, चुकलं माझं. सॉरी वहिनी. डोकं ठिकाणावर नाही हो सध्या."

त्याने माझी माफी मागितली. मी ती दिली.

त्यानंतर तो बदलत गेला. एकदा मी राजीवच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला त्याच्या फार्मसीत गेले. मागे रांग. नितीनने गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, डबीत भरल्या, डबी उघडून ट्रेवर ओतल्या, पुन्हा मोजायला लागला. त्याची मॅनेजर मागून म्हणाली, "ऑल गुड, नितीन?" आवाज प्रेमळ होता, नजर घड्याळाकडे. त्याने ट्रे माझ्याकडे वळवला आणि अगदी हळू, मराठीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकदा मोजता का?"

मी मोजल्या. बरोबर होत्या.

"बरोबर आहेत," मी म्हणाले. त्याचे खांदे उतरले, सुटल्यासारखे. माझ्या शब्दावर. मी गाडीत येऊन बसले. भीतीच वाटली, दुसरा शब्द नाही. हा माणूस रोज कुणाकुणाची औषधं देतो आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास राहिलेला नाही. आणि एके दिवशी खरंच चूक झाली तर ती कुणाची असेल? तेव्हापासून मी गोळ्या दुसरीकडून आणते. राजीवला सांगितलं, तिथे पार्किंग सोपं आहे.

आता ते वाक्य.

नितीनने आधी रजा घेतली, मग नोकरी सोडली आणि जवळच्याच एका रोपवाटिकेत लागला. या वर्षी त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. एका रविवारी दुपारी तो एकटाच आला. राजीव बाहेर गेला होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडेच आला होता. म्हणाला, "तिकडे बरं आहे. माझ्या हातून चूक झाली तर रोप मरेल. तेवढं चालतं." मग म्हणाला, "परवान्याचा अर्ज भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. परवाना एकदा सोडला की परत मिळवणं अवघड जातं. सायली म्हणते, भर, हळूहळू होईल सगळं. तुम्ही सांगा वहिनी. तुम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. मी त्या कामाला लायक आहे का?"

मी त्याच्याकडे पाहत होते. त्याला काय हवं होतं, मला कळत होतं. आणि हेही कळत होतं, की तो त्या काउंटरमागे परत गेला तर तो पुन्हा मोजत बसणार, पुन्हा शोधत बसणार — त्या दिवशी माझं काय चुकलं? आणि शोधणारा माणूस कधीतरी येऊन पोचतो. रोपांमध्ये राहिला तर नाही येणार.

मी म्हणाले, "मन खात असेल तर नका भरू, नितीन. औषधांचं काम आहे. तिथे शंकेला जागा नको."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला. जाताना चपला घालायला वाकला तेव्हा अंगठ्याने पट्टा नीट धरता येत नव्हता. मी मदत केली नाही.

मुदत संपली. त्याने अर्ज भरला नाही.

आता वस्तुस्थिती एवढीच. साखर बरोबर होती. प्रत्येक बाटलीत एकदाच पडली होती. मी समोर उभी होते. एक क्रेट मी बुडवला नाही, बुडवला म्हणून सांगितलं. आमच्याकडची बाटली त्याच सकाळी उसळली होती; ती चांगली होती म्हणून सांगितलं. आणि ज्याच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं, त्याला मी शंकेला जागा नको असं सांगितलं.

नितीन मराठी वाचतो. रोपवाटिकेतून आला की जेवायच्या आधी वाचत बसतो, सायली सांगते. मी नावं बदललेली नाहीत, गाव बदललेलं नाही. हे छापून आलं की त्याला ओळखायला पहिला परिच्छेद संपायचीसुद्धा गरज नाही. त्याला माझी भाषा ठाऊक आहे. मग फोन वाजेल. तो मी उचलेन, असं मला लिहायचं होतं. पण मला माहीत नाही.